आवाज का कापतो?

आकाशवाणीच्या केंद्रावर नैमित्तिक उद्घोषकांची निवड करायची असली, की लेखी परीक्षेत निवडलेल्यांची आवाजाची चाचणी घेतात. उमेदवाराला स्टुडिओत एकट्याला बसवतात. समोर मायक्रोफोन, हातात वाचायचा कागद, काचेपलीकडे परीक्षक. जाड दार लागले की बाहेरच्या जगाचा आवाज तुटतो आणि खूण झाली की वाचायला सुरुवात करायची. मुंबईच्या डबिंग स्टुडिओत जाहिरातीसाठी किंवा कार्टूनपटातल्या एखाद्या पात्रासाठी आवाज निवडतात, तेव्हाही प्रकार साधारण हाच असतो. सगळा मामला दोन-चार मिनिटांचा.

घरी, मित्रांत, गॅदरिंगमध्ये जो मुलगा असा उतारा खणखणीत वाचतो, त्याचा आवाज येथे पहिल्याच वाक्याला पातळ होतो. दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर दम संपतो. रोजच्या बोलण्यातला एखादा साधा शब्द जिभेवर अडखळतो. बाहेर आल्यावर तो म्हणतो, "आज आवाजच लागला नाही." तिकडे परीक्षकाच्या कागदावर 'आवाज पातळ, वाचन यांत्रिक' अशी नोंद झालेली असते. मग त्या दोन मिनिटांत नेमके काय मोजले गेले, त्याचा आवाज की त्याची भीती? वर्गात तोंडी परीक्षा घेणाऱ्या, वक्तृत्व स्पर्धेसाठी मुले निवडणाऱ्या आपणा शिक्षकांनाही हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी घशात डोकावावे लागेल.

तंबोऱ्याची तार आणि घशातली घडी

आवाज निर्माण व्हायला तीन गोष्टी लागतात. फुप्फुसांतून दाबाने येणारी हवा, स्वरयंत्रातले दोन स्वरतंतू, आणि त्यांच्या वर असलेली घसा, तोंड व नाक यांची पोकळी. 'तंतू' हे नाव थोडे फसवे आहे. त्या दोऱ्या नसून स्नायूवर ओलसर पातळ आवरण असलेल्या दोन घड्या आहेत. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी सुमारे पावणेदोन ते अडीच सेंटिमीटर, तर स्त्रीमध्ये सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर असते. बोलताना या घड्या एकमेकींजवळ येतात, खालून येणारी हवा त्यांना ढकलून वाट काढते, त्या पुन्हा मिटतात आणि ही उघडझाप पुरुषात सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा, स्त्रीमध्ये 200 च्या आसपास आणि लहान मुलात 250 हून अधिक वेळा होते. आवाजाची पट्टी ठरते ती या आकड्यावरून.

तारेचा नियम आपण वर्गात शिकवतो. लांबी तीच ठेवली, तर वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. स्वरतंतू तारेहून गुंतागुंतीचे आहेत, तरीही अंदाज बांधायला हा नियम उपयोगी पडतो. समजा, एका मुलीचा नेहमीचा बोलण्याचा स्वर 200 हर्ट्झ आहे आणि तो 225 वर गेला. गुणोत्तर 9/8 झाले. म्हणजे 'सा' वर बोलणारी मुलगी शुद्ध 'रे' वर बोलू लागली. त्यासाठी ताण किती वाढायला हवा? 9/8 चा वर्ग, म्हणजे सुमारे 1.27 पट. फक्त सव्वापट ताण, आणि ऐकणाऱ्याला आवाज 'चढल्याचे' कळते. हा ताण वाढवण्याचे काम स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला असलेल्या एका लहानशा स्नायूचे आहे. त्या स्नायूला आज्ञा नेणारी चेता मेंदूतून निघणाऱ्या दहाव्या चेतेची शाखा असते. या दहाव्या चेतेला वैद्यकात 'व्हेगस' म्हणतात, मराठी विश्वकोशात 'प्राणेशा'. नाव अन्वर्थक आहे, कारण हीच चेता हृदयाकडे, फुप्फुसांकडे आणि जठराकडेही जाते. स्वरयंत्राची एक डावी शाखा तर छातीत उतरून महारोहिणीला वळसा घालते आणि मग पुन्हा वर घशात येते.

हवेच्या दाबाचे गणितही साधे आहे. नेहमीच्या बोलण्याला स्वरतंतूंच्या खाली पाण्याच्या 5 ते 10 सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका दाब पुरतो. ग्लासात पाणी घेऊन त्यात नळी 5 सेंटिमीटर खोल धरा आणि हळूच फुंका. बुडबुडे येऊ लागले, की बोलायला लागणारा दाब तुम्ही निर्माण केला. अवघड काही नाही. अवघड आहे ते हा दाब वाक्य संपेपर्यंत एकसारखा टिकवणे. स्वस्थ बसलेले असताना आपला श्वास घेण्याचा आणि सोडण्याचा वेळ फारसा वेगळा नसतो. बोलताना मात्र आपण झटकन श्वास घेतो आणि जवळजवळ नऊ-दशांश वेळ तो पुरवून पुरवून सोडत राहतो. वाचन म्हणजे एका अर्थी उच्छ्वासाची काटकसर.

तोंडचे पाणी पळते ते कोठे?

आता या यंत्रणेत भीती शिरली तर काय होते? हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 साली वेदना, भूक, भीती आणि क्रोध यांच्या शारीरिक परिणामांवर एक पुस्तक लिहिले. संकट दिसताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली. अनुकंपी चेतासंस्था जागी होते, अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात, हृदय जोराने धडधडते, श्वास जलद आणि उथळ होतो. वाघासमोर हे सगळे फार उपयोगाचे आहे. मायक्रोफोनसमोर मात्र त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आडवी येते.

आपल्या भाषेने हे फार पूर्वी टिपून ठेवले आहे. 'तोंडचे पाणी पळाले' असे आपण म्हणतो. भीतीत लाळ खरोखरच कमी आणि चिकट होते. एरवी ते आपल्यापुरते राहते, पण मायक्रोफोन ओठांपासून वीतभर अंतरावर असतो, आणि कोरडे ओठ व टाळू सुटतानाची प्रत्येक चिकट टिचकी त्यात उमटते. 'आवाज कापरा झाला' म्हणतो. प्रत्येकाच्या स्नायूंत सेकंदाला सुमारे 8 ते 12 वेळा होणारा सूक्ष्म कंप सतत चालू असतो, अ‍ॅड्रेनलिनने तो मोठा होतो. पसरलेल्या हाताच्या बोटांवर कागद ठेवून पाहा, कागदाची कड तो कंप मोठा करून दाखवते. (उमेदवाराच्या हातातला उतारा स्टुडिओत सळसळतो तो याच कारणाने. कागद टेबलावर ठेवून वाचावा हा जुन्या उद्घोषकांचा सल्ला शंभर टक्के शास्त्रीय आहे.) 'बोबडी वळली' म्हणतो, तेव्हा जीभ आणि जबडा आखडलेले असतात. आणि 'धाप लागली' म्हणतो, तेव्हा वर सांगितलेली उच्छ्वासाची काटकसर मोडलेली असते. श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो, वाक्य अर्ध्यावर असताना हवा संपते, मग माणूस चुकीच्या जागी थांबतो आणि अर्थ तुटतो.

स्वरयंत्राचे मूळ काम बोलणे हे नव्हे. श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेला तो एक दरवाजा आहे, अन्नपाणी आत जाऊ न देणारा. पळायच्या तयारीत असलेल्या शरीराला हा दरवाजा हवेसाठी उघडा हवा असतो, बोलायला तो मिटलेला हवा. त्या ओढाताणीत घड्या नीट मिटल्या नाहीत तर आवाजात नुसती हवा मिसळते आणि तो पोकळ होतो. भर घालून मिटल्या तर तो घुसमटतो.

यात स्टुडिओही आपला हातभार लावतो. आपण स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकतो, एक हवेतून आणि दुसरी कवटीच्या हाडांतून. शिवाय वर्गात किंवा घरात भिंतींवरून तो परतही येतो. स्टुडिओच्या भिंती ध्वनी शोषून घेतात. तेथे आपलाच आवाज आपल्याला लहान वाटतो आणि नकळत तो रेटला जातो. कानावर हेडफोन असला तर हाडांतून येणारा भरदारपणा नसलेला, परका वाटणारा आवाज ऐकू येतो. नवख्या माणसाला हे भीतीचे लक्षण वाटते. खरे तर हे खोलीचे भौतिकशास्त्र आहे, आणि ते त्याला कोणीतरी आधी सांगायला हवे असते.

भरताची यादी

मनाचा आणि आवाजाचा हा संबंध आपल्याकडे फार जुन्या काळी नोंदलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, वेपथु म्हणजे कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय, आणि त्यांतच एक स्वरभेद, म्हणजे आवाज बदलणे. स्वरभेदाची कारणे देताना भरत भय, हर्ष आणि क्रोध सांगतो, आणि त्यांच्याच पंगतीत वार्धक्य, घशाची रूक्षता, रोग आणि मद यांनाही बसवतो. मनाची कारणे आणि शरीराची कारणे एका यादीत! पाणिनीय शिक्षेतही पठणाचे दोष सांगताना भीत स्वराचा, म्हणजे घाबरलेल्या आवाजाचा, उल्लेख आहे.

भय, हर्ष आणि क्रोध यांना भरताने एकत्र का घेतले असावे? आधुनिक मोजमापांनी या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकला आहे. प्रयोगशाळेत माणसाला खरोखर भयभीत करणे योग्य नाही, म्हणून संशोधक एकतर नटांकडून भाव वठवून घेतात किंवा आपोआप मिळालेली ध्वनिमुद्रणे तपासतात. असे एक मुद्रण प्रसिद्ध आहे. 6 मे 1937 रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लेकहर्स्ट येथे 'हिंडेनबर्ग' हे जर्मन हवाई जहाज उतरताना पेटले. हर्बर्ट मॉरिसन हा रेडिओ निवेदक त्या आगमनाचे वर्णन तबकडीवर मुद्रित करत होता. त्यामुळे एकाच माणसाचा, एकाच यंत्रावरचा, दुर्घटनेच्या आधीचा आणि नंतरचा आवाज आपल्याकडे आहे. विल्यम्स आणि स्टीव्हन्स या संशोधकांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नटांच्या आवाजाबरोबर हे मुद्रणही तपासले. आग लागल्यानंतर निवेदकाचा स्वर वर गेलेला आणि अनियमितपणे हेलकावणारा दिसला.

पण स्वर वर जातो तो भीतीतच असे नाही. रागात जातो, आनंदाच्या भरातही जातो. उलट दुःखात तो सहसा खाली येतो, चढउतार कमी होतात, बोलणे संथ होते. म्हणजे स्वराची उंची मुख्यतः सांगते ती शरीर किती उद्दीपित झाले आहे एवढेच. कशाने उद्दीपित झाले आहे हे ती सांगत नाही. आवाजातल्या ताणावरून खोटे पकडणारी यंत्रे मधून मधून विकायला येतात, त्यांचे घोडे येथेच अडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2003 च्या अहवालात अशा यंत्रांना शास्त्रीय आधार जवळजवळ नसल्याचे म्हटले आहे. यंत्राचे सोडा, माणसाचा कानही येथे फसतो. घाबरलेल्या उमेदवाराचे वाचन ऐकून 'हा घाबरला आहे' असे परीक्षकाच्या मनात येतेच असे नाही. त्याला वाचन घाईचे, कृत्रिम, अर्थ न समजता केलेले वाटते. भीतीची लक्षणे क्षमतेच्या खात्यावर जमा होतात ती अशी.

आवाजाच्या व्यवसायात दुसरी अडचण आहे ती मागितलेल्या भावाची. दिवाळीच्या मिठाईची जाहिरात आहे, आणि उमेदवार घरून भांडून आला आहे. चेहरा तर दिसणार नाही, मग काय बिघडले? बिघडते. हसताना ओठ मागे खेचले जातात, त्यामुळे तोंडाची नळी किंचित आखूड होते आणि तिच्यात घुमणाऱ्या स्वरांची वारंवारता वाढते. टार्टर या संशोधिकेने 1980 साली दाखवले की नुसते ऐकूनही हसत बोललेले वाक्य श्रोत्यांना ओळखता येते. 'ई' हा स्वर आधी ओठ सैल ठेवून आणि मग हसऱ्या चेहऱ्याने म्हणा, फरक लगेच कळेल. म्हणून अनुभवी कलाकार माइकसमोर एकटे असतानाही हातवारे करतात, हसतात, भुवया उंचावतात. काचेपलीकडून हे दृश्य विनोदी दिसते. सात्त्विक भावांना मनाची एकाग्रता लागते, अन्यमनस्क माणसाला ते वठवता येत नाहीत, असे भरत म्हणतो. चाचणीला बसलेल्याचे मन नेमके अन्यमनस्क असते. अर्धे उताऱ्यात, अर्धे काचेपलीकडे.

परीक्षा हाच प्रयोग

ताणाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना एक खात्रीची पद्धत हवी होती. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली ती मांडली. विजेचा धक्का नाही, बर्फाचे पाणी नाही. माणसाला थोडी तयारी करू द्यायची आणि मग निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर, आपण नोकरीला कसे योग्य आहोत यावर 5 मिनिटे बोलायला लावायचे. पुढची 5 मिनिटे 1022 मधून 13 वजा करत जायचे, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याने लाळेतल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण दोन ते चार पट वाढते. थोडक्यात, प्रयोगशाळेत ताण निर्माण करायचा तर चाचणीच घ्यावी लागली! परीक्षकाचा कोरा चेहरा हा त्या प्रयोगातला मुद्दाम ठेवलेला घटक आहे, हे आपण तोंडी परीक्षेला बसताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग उमेदवाराने करायचे काय? 'घाबरू नकोस, शांत हो' हा सर्वांत लोकप्रिय सल्ला. तो बहुधा लागू पडत नाही, कारण अ‍ॅड्रेनलिन हुकुमाने रक्तातून परत जात नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात लोकांना अनोळखी माणसासमोर गाणे म्हणायचे होते आणि गुण यंत्र देणार होते. काहींना गाण्याआधी 'मी चिंतेत आहे' असे म्हणायला लावले, काहींना 'मला उत्साह वाटतो आहे' असे. उत्साहाचे वाक्य म्हणणाऱ्यांना यंत्राने जास्त गुण दिले. भाषणाच्या प्रयोगात 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षाही ते सरस ठरले. महत्त्वाचे म्हणजे त्यांची धडधड थांबली नव्हती. भय आणि हर्ष यांची शारीरिक तयारी जवळजवळ एकच असल्यामुळे एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणे सोपे, दोन्ही विझवणे कठीण. हा काही जादूचा मंत्र नव्हे. उतारा नीट वाचलेलाच नसेल तर उत्साह काय करणार?

दुसरा प्रयोग मला स्वतःला अधिक मोलाचा वाटतो. आपली भीती समोरच्याला स्पष्ट दिसते आहे, असे बोलणाऱ्याला वाटत असते. प्रत्यक्षात ती त्याला वाटते तेवढी दिसत नाही. कॉर्नेल विद्यापीठाचे गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला 'पारदर्शकतेचा भ्रम' म्हटले. 2003 साली सॅविट्स्की आणि गिलोविच यांनी विद्यार्थ्यांना भाषण करायला लावले, आणि एका गटाला आधी एवढेच सांगितले की असा भ्रम असतो. त्या गटाची भाषणे त्यांची त्यांना तर बरी वाटलीच, पण ज्यांना यातले काही ठाऊक नव्हते अशा श्रोत्यांनाही ती अधिक चांगली वाटली. भीतीचे एक दुष्टचक्र असते. आवाज कापला, तो सर्वांना कळला असे वाटले, म्हणून आणखी कापला. हे चक्र एका माहितीने तुटले.

बाकीचे उपाय शरीराचे आहेत. घसा आवळून कंप थांबवायचा प्रयत्न करू नये, त्याने ताण वाढतो. काम करायचे ते श्वासावर. आधी पूर्ण श्वास सोडावा, मग येणारा श्वास आपोआप खोल येतो. वर सांगितलेला नळीचा प्रयोग येथे पुन्हा उपयोगी पडतो. 5 सेंटिमीटर खोलीवर 5 सेकंद एकसारखे बुडबुडे काढायचे, गती कमीजास्त होऊ द्यायची नाही. काही गायक-वादक हृदयाची धडधड आणि हाताचा कंप कमी करणारी बीटा ब्लॉकर गटातली औषधे घेतात. ती डॉक्टरांशिवाय घेऊ नयेत, दमा असलेल्याला ती घातक ठरू शकतात.

हल्ली अनेक ठिकाणी आवाजाचा नमुना घरीच मोबाइलवर मुद्रित करून पाठवतात. भीती त्याने कमी होते खरी, पण दुसरेच संकट उभे राहते. चूक झाली की पुसायची, पुन्हा वाचायचे. विसाव्या वेळी उच्चार अचूक असतात, आणि वाक्यातला जीव गेलेला असतो.

परीक्षकाच्या हातातला उपाय मात्र फारच स्वस्त आहे. बोलणाऱ्याची धडधड बोलायला सुरुवात करतानाच्या पहिल्या मिनिटात सर्वांत जास्त असते आणि नंतर उतरू लागते. म्हणजे दोन मिनिटांच्या चाचणीचा अर्धा भाग सर्वांत वाईट मिनिटात जातो. म्हणून आधी एक उतारा असा द्यावा की ज्याला गुण नाहीत, आणि तसे विद्यार्थ्याला स्पष्ट सांगावे.

खरेच फरक पडतो का, हे वर्गात तपासता येईल. नववीच्या दहा-बारा मुलांकडून एकच उतारा दोनदा, मध्ये 5 मिनिटांचे अंतर ठेवून, मोबाइलवर मुद्रित करून घ्या. मिनिटाला किती शब्द वाचले आणि वाक्याच्या मध्ये किती वेळा श्वास घेतला, हे मुलांनाच मोजू द्या. मग कोणते वाचन पहिले हे न सांगता दोन्ही मुद्रणे दुसऱ्या तुकडीला ऐकवा आणि प्रत्येक वाचक किती घाबरलेला वाटतो याला दहापैकी आकडा द्यायला सांगा. वाचणाऱ्याने, आपण किती घाबरलेले वाटलो असू याचा आकडा आधीच लिहून पाकिटात ठेवलेला असावा. शेवटी पाकिटे उघडून दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.